बावखल बुजवलं, जीडीपी वाढला : सांख्यिकी मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

जीडीपीचं, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पादनाच्या हिशेबाचं, तुलनेसाठीचं पायाभूत वर्ष २०११-१२ वरून २०२२-२३ वर आणलंत, अभिनंदन. मोजमाप आता अचूक होणार म्हणे. मग आमच्या वाडीशेजारचं बावखल कुठल्या रकान्यात गेलं, तेवढं सांगा.

बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी तिथे साठायचं, केळी आणि पानवेली उन्हाळाभर त्यावर तगायच्या, विहिरींना पाझर राहायचा. मार्चात रातोरात डंपर लागले. आता तिथे लाल मातीचा सपाट तुकडा आणि 'बुकिंग सुरू'चा फलक आहे. मे महिन्यात विहिरीला मचूळ पाणी लागलं, निम्मी केळी वाळली. एका कार्यालयात गेलो तर दुसरीकडे बोट, दुसरीकडे गेलो तर पहिलीकडे.

तुमच्या हिशेबात मात्र आनंदीआनंद. डंपरचं भाडं जमा, सिमेंट जमा, टँकरवाल्याची कमाई जमा. बावखल फुकट पाणी देत होतं तेव्हा शून्य होतं, मेल्यावरही वजा नाही. अर्थतज्ज्ञ पार्थ दासगुप्ता यांच्या समितीने निसर्गाची झीज हिशेबात धरायचा आराखडा २०१३ सालीच सरकारच्या हाती दिला होता. तो कुठल्या कपाटात आहे?

घरातलंही सांगतो. माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिचं हगणं-मुतणं माझी बायको काढते, आणि त्यात तिची कंबर गेली. कंबरेच्या पट्ट्याचं बिल जीडीपीत, सेवा नाही. तुमचंच २०२४ चं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण सांगतं, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात बिनपगारी राबतात, घरकाम करणारे पुरुष ८८. माहीत आहे, पण मोजायचं नाही! घरमालक स्वतःच्याच घरात राहतो, त्याचं काल्पनिक भाडं मात्र बिनचूक धरता. भिंतींची किंमत कळते, माणसाची नाही.

आम्ही ख्रिस्ती माणसं. येशूही मंदिराच्या दानपेटीसमोर बसून कोण किती टाकतं ते पाहत होता. दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचं दान त्याने सगळ्यांत मोठं ठरवलं. तुमच्याकडे दान म्हणजे नुसतं हस्तांतरण, उत्पादन नव्हे. बाईच्या नावावर भोपळा. आणि जुनी कोठारं पाडून मोठी बांधणारा तो श्रीमंत, ज्याला देव 'मूर्खा' म्हणाला, त्याचा विकासदर तुम्ही पत्रकार परिषदेत वाचून दाखवला असता. शेअर बाजार दोन अंकांनी पडला की बातमी, बेघर म्हातारा थंडीने मेला की नाही, हे पोप फ्रान्सिस २०१३ मध्ये लिहून गेले.

पाच ट्रिलियन डॉलरच्या अर्थव्यवस्थेचा वायदा २०२४-२५ चा होता. हुकला, तर आता जगात आपला कितवा नंबर यावर वाद. दिल्लीत कुणाचंही सरकार असो, आकडा फुगवायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या. माणशी उत्पन्नात आपण जगात शंभराच्याही खाली आहोत, त्यावर ढोल वाजवा की.

मागणं दोनच. पाणी, माती, जंगल यांची झीज निव्वळ उत्पन्नातून वजा करा; नैसर्गिक साधनांचा उपसा असा वजा करणं संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या नव्या लेखापद्धतीतही आलं आहे. आणि घरातल्या सेवेचं मोल दर वर्षी जीडीपीच्या आकड्याशेजारी छापा. कधीपासून, ती तारीख कळवा. 'विषय विचाराधीन आहे' एवढंच लिहायचं असेल तर टपालखर्च वाचवा. अर्थात, तोही जीडीपीतच धरत असाल.

आपला,
वसईचा एक बागायतदार