सूचना : घरात कोंबड्या पाळणाऱ्या सभासदांसाठी

सर्व सभासदांना नमस्कार.

सोसायटीच्या नियमानुसार आवारात, पार्किंगमध्ये आणि गच्चीवर कोंबड्या ठेवायला मनाई आहे. म्हणून काहींनी त्या फ्लॅटमध्ये घेतल्या. घरात ठेवायला परवानगी द्यायची का, हे ठरवायला येत्या रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीच्या ऑफिसात बैठक आहे. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्यांनी यावेच. ज्यांना त्रास होतो त्यांनीही या.

तोपर्यंत एवढे पाळा :

• कोंबडा नको. पहाटे तो आरवणारच, आणि आपल्या इमारतीत तान्ही बाळे आहेत.

• खुराड्यात दोन-तीन इंच भाताचे तूस पसरा, ओले झालेले रोज काढा. विष्ठा ओली राहिली की अमोनिया सुटतो. परवा एका घरी तूस वरून कोरडे दिसत होते, खाली हात घातला तर नुसता चिखल. पाण्याचे भांडे गळत होते. त्या कोंबड्यांचे डोळे चिकटले होते, बघवत नव्हते.

• खुराडे स्वयंपाकघरात ठेवू नका. मुलांचे हात साबणाने धुवा.

• मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या रोगाची लस चुकवू नका.

कोंबडी अचानक मेली तर कचऱ्यात टाकू नका, लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.

ज्यांना सांभाळणे जमणार नाही त्यांनी मोकळेपणाने सांगा, गावाकडे कुणाकडे तरी सोय बघू. रस्त्यावर मात्र सोडू नका, कुत्री रात्रभरही ठेवणार नाहीत.

– सचिव