शिक्का म्हणजे खात्री नव्हे

संपादक महाशय,

जाहिरातीतल्या गुणकारी औषधांवर ‘सरकारी शिक्का असावा’ ही एका वाचकाची सूचना वाचली. व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडात असा शिक्का होताच की! घटक गुप्त ठेवलेल्या औषधांच्या १ शिलिंगपर्यंतच्या (१२ पेनी म्हणजे १ शिलिंग) डबीवर दीड पेनीचे तिकीट लागे. ते निव्वळ कराचे. पण गिऱ्हाईक ते सरकारी मंजुरीचे समजे आणि विक्रेते हा गैरसमज आनंदाने जोपासत. तिजोरी भरत असल्यावर कोण बोलणार?

अशाच औषधांपैकी बीचमच्या गोळ्यांची डबी ‘एका गिनीच्या (२१ शिलिंगांच्या) मोलाची’ म्हणून खपे. पुढे १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने पृथक्करण छापले. निघाले काय? काळा बोळ (कोरफडीचा सुकवलेला रस), सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांना खर्च अर्धा फार्दिंग (फार्दिंग म्हणजे पाव पेनी), किंमत १ शिलिंग दीड पेनी. म्हणजे शंभरपटीहून जास्त. पोट साफ होत असेल, नाही कशाला म्हणा! गोळ्या-मलमवाल्या होलोवेच्या पैशातून तर मुलींचे कॉलेज उभे राहिले आणि १८८६ मध्ये खुद्द राणीने त्याचे उद्घाटन केले.

आपल्याकडे चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. नव्या शिक्क्यापेक्षा आधी तो वापरावा, आणि घटकांची नावे डोळ्यांना दिसतील एवढ्या अक्षरांत छापायला लावावीत.

— एक वाचक, पुणे