नाग नदीचा गाळ काठावर सोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षीप्रमाणे यंदाही पावसाळ्याआधी नागपुरात नाग नदीत पोक्लेन उतरले आहेत. आमच्या मागच्या गॅलरीतून ते रोज दिसतात. पात्रातला काळा गाळ उचलायचा, काठावर ओतायचा आणि पुढे सरकायचं. चार दिवसांत ढीग वाळतो, त्याला भेगा पडतात, एका बाजूने बेशरमाची झुडपं उगवतात. जूनच्या शेवटी पहिला जोराचा पाऊस आला की सगळा ढीग निघाला होता तिथेच परत जातो. हे मी कित्येक उन्हाळे पाहतो आहे. यंदा राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांमध्ये शिरली. आमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. पाणी दुपारपर्यंत ओसरलं, गाळ मात्र पंधरा दिवस निघत होता. बायकोच्या शिलाई मशीनचा खण उघडला तर आत चार बोटं गाळ बसलेला, वरून अगदी गुळगुळीत, जणू कोणी हाताने सारवून ठेवला आहे. त्यात शॅम्पूच्या पुड्या, थर्माकोलचे कण आणि गटाराचा वास. घमेल्यांनी गाळ बाहेर काढताना मला सारखं माझं आजोळ आठवत होतं, कारण लहानपणी पुराच्या गाळाला मी कधी कोणाला घाण म्हणताना ऐकलं नव्हतं.

आजोळ कुही तालुक्यातलं, आंभोऱ्याजवळ. कन्हान तिथे वैनगंगेला मिळते. गाव उंचवट्यावर आणि वावरं खाली पुराच्या पट्ट्यात, अशी जुनी मांडणी होती. पूर येऊन गेला की आजोबा अनवाणी वावरात जायचे, पायाने गाळाची जाडी बघायचे आणि परत येऊन आजीला सांगायचे, ‘‘यंदा पोयटा चांगला बसला.’’ मग त्यावर हरभरा, लाखोळी, जवस. खत क्वचितच लागायचं. उन्हाळ्यात पाणी आटलं की ढिवर मंडळी रेतीत डांगरवाड्या, म्हणजे टरबूज-खरबुजाचे मळे, लावायची. नदीने काय आणून टाकलं, त्यावर गावाचं वर्ष ठरायचं.

यामागचा हिशेब सरळ आहे. पाण्याला वेग असतो तोवर ते माती वाहून नेतं. वेग मंदावला की आधी गोटे पडतात, मग रेती, मग पोयटा, आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी. पूर पात्राबाहेर पसरला की उथळ पाण्याचा वेग एकदम उतरतो. जड माल काठालगतच पडतो, म्हणून काठ दरवर्षी थोडा थोडा उंच होतो; बारीक पोयटा मागच्या शिवारात पसरतो. वर घर आणि खाली वावर ही मांडणी कोणा नगररचनाकाराने काढून दिलेली नव्हती, ती नदीनेच घालून दिली. आणि ती फार जुनी आहे. कुही तालुक्यातल्याच आदम इथे उत्खननात तटबंदी असलेलं प्राचीन नगर सापडलं. वैनगंगेच्या काठावरच्या पवनीत १९६९-७० मध्ये स्तूप उजेडात आले. नायकुंडला पेंच नदीच्या काठावर लोखंड वितळवायची भट्टी मिळाली. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी माणसं इथे टिकली, ती या नद्यांच्या पाण्यावर आणि मातीवर. आपलं शहरसुद्धा बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून वसवलं, ते नागेच्याच काठी.

प्रत्येक नदीचा गाळ वेगळा, हेही सांगायला हवं. कन्हान छिंदवाड्याकडून, सातपुड्यातून येते. वाटेत ग्रॅनाइटसारखे जुने कणीदार खडक आहेत, ते झिजून रेती होते. नागपूरची घरं याच रेतीवर उभी राहिली आणि त्यापायी पात्र किती खरवडलं गेलं ते कोणत्याही घाटावर जाऊन बघावं. नाग उगवते लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत, बेसाल्ट या काळ्या खडकात. बेसाल्ट झिजून काळी चिकणमाती होते. म्हणजे नागेचा गाळ मुळात कापसाच्या वावरातल्या मातीचा सख्खा भाऊ. त्याला दुर्गंधी शहराने दिली आहे, सांडपाणी सोडून.

आणि हा गाळ कुठे जातो? नाग पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते आणि पुढे गोसेखुर्द धरणाचा जलाशय. तिथे पाण्याचा वेग संपतो आणि सगळं तळाशी बसतं. आमचं आजोळ याच जलाशयात गेलं. आजोबांच्या वावरावर आज नागपूरचं गटार साचतं आहे. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं तेच आहे.

धरण नसतं तर हीच माती वैनगंगेतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत जाऊन राजमहेंद्रीच्या खाली समुद्राकाठी पसरली असती. गोदावरीच्या मुखाशी जो सुपीक त्रिभुज प्रदेश आहे, तिथल्या भाताच्या बांध्यांत विदर्भाची मातीही आहे. आता गाळ ठिकठिकाणच्या धरणांत अडतो आणि तिकडे समुद्र किनारा खातो आहे. नाईल नदीवर आस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये पुरं झालं, त्यानंतर इजिप्तमध्येही तेच घडलं: वरच्या शेतांना दरवर्षीचा गाळ मिळेनासा झाला आणि मुखाशी किनारा खचू लागला. धरणं नकोत असं मी म्हणत नाही, गोसेखुर्दच्या पाण्याची गरज असलेले शेतकरी माझ्याच नात्यात आहेत. पण अडलेल्या गाळाची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी.

आपल्याकडे ती घेतली जात होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मालगुजारी तलाव, आज ज्यांना आपण मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतो, गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधले. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ खोदून बैलबंड्या भरून धानाच्या बांध्यांत टाकायचा, ही गावाची रीत होती. तलाव खोल राहायचा आणि बांधीला खत मिळायचं. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पुष्कळ ठिकाणी गावाचा हात त्यावरून निघाला. २०१७ साली राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना काढली, तेव्हा आमच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याने तलावाचा गाळ वावरात टाकला. खरड्या जमिनीत ओल दोन आठवडे जास्त टिकली, असं तो आजही सांगतो.

नागेचा गाळ तसाच्या तसा शेतात टाका, असं कोणी सुचवू नये. त्यात सांडपाणी आहे, कारखान्यांचं काय काय उतरलं असेल ते तपासल्याशिवाय तो पिकाखाली जाता कामा नये. पण तपासणी करायला काय हरकत आहे? अंबाझरीच्या वरच्या बाजूचा, लाव्हा गावाकडचा गाळ आणि वस्त्यांमधला गाळ वेगवेगळा तपासावा, वेगवेगळा ठेवावा. जो चांगला निघेल तो शेतकऱ्यांना द्यावा. जो वाईट असेल तो पक्क्या जागी न्यावा. पात्राच्या काठावर तर कोणताच ठेवू नये. गाळ काढण्याचं काम तो डोळ्यांसमोरून हलवल्यावर पुरं होत नाही, नदीच्या आवाक्याबाहेर गेल्यावर होतं, आणि देयकही तेव्हाच मंजूर व्हावं. शिवाय २०२३ ला पाणी जिथवर आलं, तिथवर रस्त्यांवर खुणा कराव्यात. आमच्या आजोबांना पुराचा पट्टा माहीत होता, आम्ही प्लॉट घेतला तेव्हा आम्हाला कोणी दाखवला नाही.

आजोळचं गाव उठलं तेव्हा आईने वावरातली दोन पाट्या माती आणून आमच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनात भरली होती. २०२३ च्या पुरात त्यावर वीतभर काळा गाळ बसला. बायकोने बोटांनी तो खरवडून काढला, फावडं लावू दिलं नाही.

मान्सून नागपुरात जूनच्या मध्याला पोचतो. तेवढे दिवस हातात आहेत. रोज चार टिप्पर लावले तरी आमच्या मागचा ढीग आठवडाभरात उचलून होईल.

आपला,
नाग नदीकाठचा एक वाचक, नागपूर