फरक आढळला नाही, तरीही आभार

ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, तुमचा निरोप मिळाला. स्ट्रोकनंतर (म्हणजे पक्षाघाताच्या झटक्यानंतर) व्यायाम कसा सुरू करावा, याच्या ज्या अभ्यासात आमची ही होती त्याचा निकाल लागला, आणि दोन्ही गटांत फरक आढळला नाही असं तुम्ही कळवलंत. फोनवर तुमचा आवाज जरा पडलेला वाटला. इतकी वर्षं, इतके देश, इतकी रुग्णालयं, आणि पदरात काय पडलं? असं तुम्ही म्हणाला नाहीत, पण मला तसं ऐकू आलं. म्हणून हे लिहायला घेतलं. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुमच्यासारखं, रुग्णालयात अशा अभ्यासांच्या सह्या आणि नोंदी सांभाळायचं काम करणारी माणसं बऱ्याच देशांत आहेत आणि त्यांना मुद्दाम पत्र लिहायला सहसा कोणी बसत नाही.

अभ्यासाचं नाव इथे घेत नाही, रुग्णालयाचं नाही आणि तुमचंही नाही. कागदांवर हिचं नाव जाणार नाही, फक्त क्रमांक जाईल, असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत. तोच नियम मी तुम्हाला लावतो.

त्या दिवशी हिचा उजवा हात-पाय गेला होता आणि तोंडातून शब्द नीट फुटत नव्हता. सही मलाच करायची होती. संमतीपत्र फार लांब आहे, हे मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो; ज्याचं माणूस आत पडलंय त्याच्या हातात एवढी पानं देणाऱ्याने एकदा स्वतः त्या बाकावर बसून ती वाचावीत. पण तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि एकेक परिच्छेद बोट ठेवून समजावलात. व्यायाम सुरू करण्याच्या दोन पद्धती आहेत, दोन्ही चांगल्या रुग्णालयांत वापरल्या जातात, कोणती सरस हे कोणालाच ठाऊक नाही, आणि कोणती मिळणार ते संगणक ठरवेल. मी विचारलं, डॉक्टर का नाही ठरवत? तुम्ही म्हणालात, डॉक्टरांनी ठरवलं तर जे बरे होतील असं वाटतं ते रुग्ण नकळत एकाच बाजूला जातील, आणि मग गुण उपचाराचा की निवडीचा, ते कधीच कळणार नाही. मी जन्मभर हिशेब तपासायचं काम केलं. मला पुढे काही विचारावं लागलं नाही.

सही झाली, की काम झालं असं मी समजून चाललो होतो. पण ही बोलायला लागल्यावर तुम्ही परत आलात. आता त्या स्वतः ठरवू शकतात, त्यांना विचारायला हवं, म्हणालात. हिने सगळी पानं वाचली (मी वाचली नव्हती), दोन प्रश्न विचारले आणि डाव्या हाताने सही केली. ती सही म्हणजे नुसत्या वेड्यावाकड्या रेघा होत्या. तुम्ही त्यावर काही न बोलता शेजारी तारीख आणि वेळ लिहून घेतलीत.

तुमच्या फॉर्मांबद्दल मला अजून एक सांगायचंय. एकदा रक्तदाबाचा आकडा चुकीच्या चौकटीत पडला. तुम्ही तो खोडून काळा केला नाहीत, वर पांढरा रंगही फासला नाहीत. एक आडवी रेघ मारलीत, खालचा आकडा वाचता येईल अशी, बाजूला बरोबर आकडा, तुमची आद्याक्षरं आणि तारीख. मी कितीतरी वह्या पाहिल्या, त्यात हे करणारे थोडेच. पुढे कळलं की या सगळ्या अभ्यासांत जगभर हाच नियम आहे, आणि ही नोंद पाहायला बाहेरून तपासनीस येतो, मूळ केसपेपर आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवून. तेव्हा तुमच्या खात्याबद्दल माझा आदर दुणावला.

आता निकालाबद्दल. घरी बसून मला वाचायला वेळ आहे. जे वाचलं त्यावरून तुम्ही नाराज व्हायचं काही कारण मला दिसत नाही.

ॲस्पिरिनचंच घ्या. गुठळीमुळे झालेल्या स्ट्रोकनंतर ती लवकर सुरू करावी, हे आज कोणीही डॉक्टर सहज सांगतो. ते कळलं १९९७ साली, दोन प्रचंड अभ्यासांतून. एकात ३६ देशांतल्या ४६७ रुग्णालयांचे १९,४३५ रुग्ण. त्याचा कारभार एडिंबरातून चाले आणि गट ठरवण्यासाठी डॉक्टर ऑक्सफर्डला फोन लावत. दुसरा चीनमधला, २१,१०६ रुग्णांचा. दोन्हींची बेरीज केल्यावर फायदा निघाला तो पहिल्या काही आठवड्यांत हजारामागे सुमारे नऊ माणसांचा, म्हणजे तेवढ्यांचा मृत्यू किंवा पुन्हा येणारा स्ट्रोक टळला. मी लगेच मांडून पाहिलं. वर्षाला असे दोनशे रुग्ण बघणाऱ्या रुग्णालयात ॲस्पिरिनने वाचलेली माणसं दोनसुद्धा भरत नाहीत. तिथला डॉक्टर कितीही हुशार असो, तीस वर्षं काढली तरी त्याच्या डोळ्यांना हा फायदा दिसायचा नाही. आणि तरी जगभरातल्या रुग्णांचा विचार केला तर हजारामागे नऊ म्हणजे केवढी माणसं! एवढा बारीक आकडा पकडायचा तर चाळीस हजार रुग्ण लागतात, आणि ते एका शहरात मिळायला पिढी जाईल.

त्यातल्या पहिल्या, ३६ देशांच्या अभ्यासात हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं इंजेक्शनही तपासलं होतं. गुठळ्या कमी झाल्या, पण रक्तस्राव वाढले, आणि जमाखर्च जवळपास शून्यावर आला. म्हणजे तिथेही एका रकान्यात ‘फरक नाही’च होतं. त्या रकान्याने किती जणांना नको ते इंजेक्शन टळलं असेल, याची मोजदाद कुठेच होत नाही. बरं, या अभ्यासवाल्यांनी २०११ साली एकेका रुग्णाची नोंद, नाव-गाव काढून, सर्वांसाठी खुली केली. वह्या अशा उघड्या ठेवणारे लोक मला आपोआप आवडतात.

हिच्या अभ्यासाच्या विषयाशी सगळ्यात जवळचं उदाहरण २०१५ चं. स्ट्रोकनंतर रुग्णाला जितक्या लवकर आणि जितक्या जास्त वेळा उठवाल तितकं चांगलं, असं बहुतेकांना मनापासून वाटत होतं. मलाही वाटलं असतं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया, सिंगापूर आणि ब्रिटन अशा पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांनी २,१०४ रुग्णांवर ते पडताळून पाहिलं. पहिल्या चोवीस तासांत सुरुवात करून वारंवार, जास्त वेळ उठवणं-चालवणं एका गटात, नेहमीची पद्धत दुसऱ्यात. तीन महिन्यांनी नेहमीच्या पद्धतीतले ५० टक्के रुग्ण चांगल्या अवस्थेत होते, जोरात उठवलेल्यांतले ४६ टक्के. रुग्णाच्या भल्यासाठी झटणारे फिजिओथेरपिस्ट, नर्स, नातेवाईक, सगळे मिळून थोडं नुकसानच करत होते आणि कोणाला पत्ता नव्हता.

फ्लुओक्सेटिनची गोष्ट तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. नैराश्यावरची जुनी गोळी. २०११ साली फ्रान्समधल्या ११८ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात असं दिसलं की या गोळीने स्ट्रोकनंतर हातापायांची ताकद जास्त परतते. लोकांना केवढी आशा वाटली असेल! मग तीन चमूंनी, एक ब्रिटनमध्ये, एक स्वीडनमध्ये, एक ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि व्हिएतनाम मिळून, आधीच ठरवून जवळजवळ सारख्याच आराखड्याने काम केलं, म्हणजे पुढे बेरीज करता यावी. ३,१२७ अधिक १,५०० अधिक १,२८० रुग्ण. फायदा नाही. उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलेलं. वेगवेगळ्या खंडांतली माणसं एकच उत्तर घेऊन आली, म्हणून ते पक्कं झालं. एकट्याने आणलं असतं तर तुमचीच पद्धत चुकली म्हणून दुसऱ्या कोणीतरी पुन्हा तेच आरंभलं असतं.

कधी कधी ‘फरक आढळला नाही’ हेच पुढच्यांना वाट दाखवतं. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी मांडीतून नळी घालून ओढून काढायची, या उपचाराचे तीन अभ्यास २०१३ साली आले आणि तिन्ही निष्फळ. काहींनी तेव्हाच हात झटकले. पण बाकीच्यांनी ते निकाल बारकाईने वाचले. अनेक रुग्णांत गुठळी खरंच मोठ्या वाहिनीत आहे का, हे आधी पाहिलेलंच नव्हतं, साधनं जुन्या पिढीतली होती, वेळही फार जात होता. हे सगळं सुधारून नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्पेन, अमेरिका अशा ठिकाणांहून चालवलेले पाच अभ्यास २०१५ पर्यंत आले आणि पाचही यशस्वी. त्या पाच चमूंनी मग आपापल्या १,२८७ रुग्णांची माहिती, एकेक नोंद, एकाच ठिकाणी आणून ठेवली. निघालं असं की दर दोन ते तीन रुग्णांमागे एकाचं अपंगत्व निदान एका पायरीने तरी कमी होतं. ॲस्पिरिनच्या हजारामागे नऊ शेजारी हा आकडा ठेवून पाहा. आणि हे यश २०१३ च्या त्या पडलेल्या चेहऱ्यांवर उभं आहे, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचं होतं.

‘पायरी’वरून आठवलं. नव्वदाव्या दिवसाचा फोन तुमचा नव्हता, दुसऱ्या कोणाचा तरी होता. आधी मला त्याचा थोडा रागच आला, इतके दिवस तुमच्याशी बोलणं, आणि आता हा अनोळखी आवाज. त्या बाईंनी सुरुवातीलाच बजावलं, ‘तुमच्यावर कोणत्या पद्धतीने उपचार झाले ते मला सांगू नका.’ ही बोलण्याच्या ओघात सांगायला निघाली, तर त्यांनी चटकन अडवलं; ते कळलं तर मोजताना मन नकळत एका बाजूला झुकेल म्हणून. मग प्रश्न. कोणाच्या मदतीशिवाय चालता का? कपडे स्वतः घालता का? पैशाचे व्यवहार पूर्वीसारखे बघता का? पूर्वी करत होतात आणि आता जमत नाही असं काय काय आहे? शेवटच्या प्रश्नावर ही बराच वेळ गप्प राहिली, आणि त्या बाईंनी घाई केली नाही.

या उत्तरांवरून रुग्ण कोणत्या पायरीवर आहे ते ठरवणारी मोजपट्टी मुळात रँकिन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरांनी १९५७ साली मांडली आणि नंतर सुधारून ती शून्य ते सहाची झाली, हे मी मागाहून वाचलं. शून्य म्हणजे काहीही त्रास उरला नाही, सहा म्हणजे मृत्यू. आता एका देशातल्या डॉक्टरचा तीन आणि दुसऱ्या देशातल्या नर्सचा तीन सारखा असायला हवा, नाहीतर सगळी बेरीजच फुकट. त्यासाठी चित्रफिती दाखवून प्रशिक्षण देतात, परीक्षा घेतात, प्रमाणपत्र देतात. बऱ्याच अभ्यासांत सीटी स्कॅनही नाव काढून दूर कुठेतरी पाठवतात आणि तिथला डॉक्टर रुग्ण कोणत्या गटातला हे न कळता ते वाचतो. देशोदेशीचं सहकार्य म्हटलं की मोठ्या परिषदा आणि हस्तांदोलनाचे फोटो डोळ्यांसमोर येतात. मला आता त्या बाईंचं ‘सांगू नका’ आठवतं.

एक तक्रार मात्र नोंदवतो. हे निबंध छापून येतात तेव्हा वर डझनभर डॉक्टरांची नावं असतात आणि ज्यांनी रुग्ण शोधले, सह्या घेतल्या, फोन केले, फॉर्म भरले त्यांची यादी मागे पुरवणीत, बारीक टायपात. कधी तीही नसते. आणि ज्यांच्या अंगावर अभ्यास झाला त्या रुग्णांना निकाल कळवायचा, हे कितीतरी ठिकाणी कोणाच्या लक्षातच येत नाही. तुम्ही फोन करून कळवलंत. निकाल चांगला असता तर कळवणं सोपं होतं, तसा नसताना कळवलंत.

हिचंही एक म्हणणं आहे, ते जसंच्या तसं पोचवतो. तिच्या हिशेबाने फोन झाला त्या दिवशी ती तीनवर होती आणि आता नक्की दोनवर आली आहे, तेव्हा कागदावर दुरुस्ती व्हावी. नव्वदाव्या दिवसाची नोंद नव्वदाव्या दिवसाचीच राहते, असं मी तिला सांगितलं. तिला ते मान्य नाही. पुढे कधी वर्षभरानंतरची अवस्था विचारणारा अभ्यास निघाला तर तिला आधी फोन करा.

आणि मला दुसऱ्या कामासाठी करा. काही ठिकाणी संमतीपत्राचा मसुदा रुग्णांना आणि नातेवाइकांना आधी वाचायला देतात, असं ऐकलंय. तुमच्या पुढच्या अभ्यासाचा मसुदा आला की माझ्याकडे पाठवा. लाल पेन तयार आहे. खोडलेलं सगळं वाचता येईल अशाच रेघा मारीन, शेजारी सही आणि तारखेसकट.

तुमचे आणि त्या दुसऱ्या बाईंचे मनापासून आभार.

आपला,
तुमच्या यादीतल्या एका क्रमांकाचा नवरा