दुसरा आकडाही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लॉटरी लागलेल्याचा हसरा फोटो आणि शेजारी ठळक रक्कम आपण छापता. माझी तक्रार फोटोबद्दल नाही, सोबतच्या न छापलेल्या आकड्याबद्दल, म्हणजे ते बक्षीस लागण्याच्या शक्यतेबद्दल आहे.

49 पैकी 6 आकडे जुळवायचे, तर संच होतात 1 कोटी 39 लाख 83 हजार 816. आठवड्याला एक तिकीट घेणाऱ्याला पहिले बक्षीस लागायला सरासरी 2 लाख 69 हजार वर्षे हवीत! हे गणित आयोजकांना आपल्यापेक्षा चांगले कळते. अमेरिकेतील पॉवरबॉल या लॉटरीचे नियम 2015 मध्ये बदलले आणि पहिल्या बक्षिसाची शक्यता साडेसतरा कोटींत एकवरून सव्वाएकोणतीस कोटींत एकवर आली. जिंकणे अवघड केले की सोडतीमागून सोडत कोरडी जाते, रक्कम साचत राहते, फुगलेल्या रकमेची बातमी होते आणि ती वाचून आणखी तिकिटे खपतात. काही महिन्यांतच, जानेवारी 2016 मध्ये, ते बक्षीस दीड अब्ज डॉलरच्या वर गेले. बक्षीस एवढे फुगले ते लागण्याची आशा कमी केल्यामुळे, हे बातमीत कुठे दिसते?

'लकी नंबर'वाल्यांसाठीही एक किस्सा, कारण तेच आकडे इतरांनीही निवडले असतील तर बक्षीस वाटले जाते. ब्रिटनमध्ये 14 जानेवारी 1995च्या सोडतीत तब्बल 133 जणांचे सहाही आकडे जुळले. बक्षीस होते सुमारे 1 कोटी 60 लाख पौंडांचे, पण वाटणीनंतर प्रत्येकाच्या हाती आले जेमतेम 1 लाख 22 हजार.

तिकीट घेणारे सगळे भाबडे असतात, असे मी म्हणणार नाही. सोडतीपर्यंतचे आशेचे चार दिवस ते विकत घेतात. अधूनमधून मीही घेतो. या पैशातून चांगली कामेही उभी राहिली आहेत. ब्रिटिश म्युझियमची सुरुवात 1753 च्या लॉटरीवर झाली. पण तोच पैसा करातून मागितला असता, तर ज्याची कमाई जास्त त्याने जास्त दिला असता. तिकिटाची किंमत मात्र सर्वांना सारखीच. कर म्हटले की आपण ओरडतो, तिकीट म्हटले की रांग लावतो.

तेव्हा पुढची बातमी छापताना रकमेच्याच टाइपात दोन गोष्टी द्याव्यात: ते बक्षीस लागण्याची शक्यता किती होती, आणि गोळा झालेल्या प्रत्येक शंभरातले किती बक्षिसांच्या रूपाने परत गेले.

आपला,
एक नियमित वाचक