कॅन्सर पेशंटच्या गाडीखर्चासाठी सगळ्या सत्तरीकरांना आवाहन

नमस्कार मंडळी, वाळपई आणि आसपासच्या गावांतले सगळे आणि नोकरीसाठी पणजी, मुंबई, पुण्याला गेलेले आपले लोक, आमच्या मंडळाकडून हे लिहितोय, जरा शेवटपर्यंत वाचा.

आपल्या भागातल्या तोंडाच्या कॅन्सरच्या काही पेशंटांचं रेडिएशन मध्येच तुटतंय. दीनदयाळ कार्डामुळे दवाखान्याच्या बिलाला आधार मिळतो, पण रोज तिथे पोचायचं कसं याला कार्ड नाही. हे रेडिएशन साधारण 6 ते 7 आठवडे चालतं, आठवड्यातले 5 दिवस. मशीनखाली काही मिनिटंच, पण त्यासाठी पहाटे निघून साखळी, डिचोली करत बस बदलत जायचं आणि तसंच परत यायचं. दोन-तीन आठवड्यांनी तोंड आतून सोलवटतं, पेजसुद्धा गिळवत नाही, त्यात सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते, मग आज नको उद्या जाऊया असं सुरू होतं.

हा खाडा फार महाग पडतो. तंबाखू, गुटखा, सुपारी वर्षानुवर्षं तोंडात राहिली की पेशींच्या डीएनएत बिघाड साठत जातो, खराब पेशीला रोखणारे पी53 सारखे जीन निकामी होतात आणि ती पेशी वाढतच सुटते, आजूबाजूला घुसते, मानेतल्या गाठींत पोचते. रेडिएशन हा डीएनए तोडतं. चांगल्या पेशी पुढच्या डोसपर्यंत बऱ्यापैकी सावरतात, कॅन्सरच्या पेशींना तेवढं जमत नाही, म्हणून डोस रोज थोडा थोडा देतात. मध्ये दिवस गेले की उरलेल्या पेशी तेवढ्यात पुन्हा वाढतात. म्हणून आम्ही म्हणतो की गाडीभाडं हा उपचाराचाच खर्च आहे, वरचा नाही.

मंडळ एक गाडी रोज सोडायचं बघतंय, डिझेल आणि ड्रायव्हरच्या पगाराला पैसे लागतील. जमेल तेवढे द्या, 100 रुपयेसुद्धा चालतील, पण खजिनदाराकडून पावती घ्याच, हिशेब दर महिन्याला देवळाच्या फळ्यावर लागेल. काही जणांना परळला टाटामध्ये जावं लागतं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत दोन रात्री कोणी घरी ठेवून घेतलं तर मोठा आधार होईल. किमोवाल्यांना कधी कधी प्लेटलेट लागतात आणि त्या साधारण 5 दिवसच टिकतात, त्यामुळे ऐनवेळी येऊ शकणाऱ्या रक्तदात्यांची यादी करतोय, तरुणांनी नावं द्या.

आणि हो, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, जखम 2-3 आठवड्यांत भरत नसेल, तोंड पूर्ण उघडत नसेल तर चवथीनंतर बघू म्हणू नका, लगेच दाखवा, लवकर सापडलं तर कधी कधी नुसत्या ऑपरेशनवर भागतं.

स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांनी कुठला वार जमेल तेही सांगा, सोमवार आणि शुक्रवारला अजून कोणी नाही.