गाठ काढल्याची वेळ फॉर्मवर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कर्करोगाचे जनुक सापडले’ अशी बातमी अधूनमधून आपल्या दैनिकातही येते. वाचणाऱ्याला वाटते, हे जनुक म्हणजे बाहेरून अंगात शिरलेली कीड. खरे तर आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत तीच सुमारे २० हजार जनुके असतात. यकृताची पेशी आणि कातडीची पेशी वेगळी होते ती कुठली जनुके चालू आहेत आणि कुठली बंद, यावरून. कर्करोगात हे चालू-बंद बिघडते, आणि पुष्कळदा बिघाड जनुकात नसून त्याच्या कळीत, म्हणजे ते चालू-बंद करणाऱ्या बटणात, असतो. गाठीतले हे चालू-बंद तपासणीत खरे दिसावे म्हणून गाठ काढल्यानंतरच्या वेळा लिहिल्या पाहिजेत, हे सांगण्यासाठी हे पत्र.

बर्किट लिम्फोमा हा बी पेशींचा (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) कर्करोग घ्या. त्यात ‘मिक’ हे जनुक बहुतेक वेळा आठव्या गुणसूत्रावरून तुटून चौदाव्यावर, प्रतिपिंड बनवणाऱ्या जनुकांच्या शेजारी जाऊन बसते. बी पेशींमध्ये तिथली कळ कायम दाबलेलीच असते, त्यामुळे ‘मिक’ही अखंड चालू राहते आणि पेशी विभागत सुटतात. दुसरे उदाहरण ‘टर्ट’ या जनुकाचे. त्याच्या सुरुवातीच्या १२४ किंवा १४६ अक्षरे अलीकडे डीएनएचे एकच अक्षर बदलले, तरी बंद असायला हवे ते टेलोमरेज (गुणसूत्रांची टोके झिजू न देणारे विकर) पुन्हा तयार होऊ लागते. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात हे २०१३ मध्ये दिसून आले. प्रथिनाच्या आराखड्यात काहीही बदल नाही, बदल फक्त कळीत.

पुण्याला हा विषय परका नाही. विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय केंद्रात आणि पुढे पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत डॉ. संजीव गलांडे यांच्या गटाने ‘सॅटबी-१’ या प्रथिनावर वर्षानुवर्षे काम केले. हे प्रथिन डीएनएचे वेटोळे धरून ठेवते आणि त्यातली जनुके चालू की बंद हे ठरवण्यात हातभार लावते. त्याला फॉस्फेट चिकटले की ते जनुके दाबणाऱ्या साथीदाराला जवळ करते, आणि फॉस्फेट निघाले की चालू करणाऱ्याला. स्तनाच्या कर्करोगात हेच प्रथिन गाठ वाढवते आणि पसरवते, असे २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दाखवले.

असे प्रथिन डीएनएवर नेमके कुठे बसले आहे हे पाहायचे असेल, तर जिवंत पेशींवर १ टक्का फॉर्मॅल्डिहाइड घालतात. १० मिनिटांत प्रथिन आणि डीएनए जागच्या जागी जखडले जातात. मग १२५ मिलिमोलर ग्लायसिन घालून ही क्रिया थांबवायची, ध्वनिलहरींनी डीएनएचे २०० ते ५०० अक्षरजोड्यांचे तुकडे करायचे आणि त्या प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाच्या गळाने हवे तेच तुकडे ओढून काढायचे. फॉर्मॅल्डिहाइड जास्त वेळ राहिले तर डीएनएचे नीट तुकडे होत नाहीत आणि प्रतिपिंडालाही आपली जागा सापडत नाही. वेळ कमी पडला तर प्रथिन धुऊन जाते. प्रयोगशाळेत म्हणूनच टायमर लावल्याशिवाय कोणी बाटली उघडत नाही.

हेच रसायन ऑपरेशन थिएटरमधल्या बरणीत असते, पण तिथे घड्याळाकडे कोणी बघत नाही. ही आमची खरी तक्रार आहे.

स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टवर ‘ईआर’ (इस्ट्रोजेन रिसेप्टर) लिहिलेले असते. ते इस्ट्रोजेन धरून डीएनएवर बसणारे आणि वाढीची जनुके चालू करणारे प्रथिन आहे, म्हणजे ही तपासणी जनुक नियमनाचीच. १ टक्का किंवा त्याहून जास्त कर्कपेशींची केंद्रके तपकिरी रंगली तर ईआर पॉझिटिव्ह. १ ते १० टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात. पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी उपयोगी पडते, कारण ती इस्ट्रोजेनची जागा अडवते. निगेटिव्ह आले की ही गोळी सहसा दिली जात नाही. रंग गाठीमुळे आला नाही की बरणीमुळे, हे त्या रुग्णाला कधीच कळत नाही.

गाठीचा रक्तपुरवठा तुटला की प्राणवायू संपतो आणि पेशीतलीच विकरे पेशी पचवू लागतात. आधी आरएनए जातो, मग प्रथिनांचा नंबर लागतो. म्हणून गाठ काढल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये (फॉर्मॅल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणात) पडली पाहिजे, आणि त्यात किमान ६ व जास्तीत जास्त ७२ तास राहिली पाहिजे. फॉर्मॅलिन १० टक्के, बफर घातलेले, पीएच ७ च्या आसपास हवे. ते बनवताना बाजारातल्या ३७ ते ४० टक्क्यांच्या फॉर्मॅल्डिहाइडचा १ भाग आणि पाण्याचे ९ भाग घेतात, शिवाय लिटरमागे सोडियम फॉस्फेटचे दोन क्षार, ४ ग्रॅम मोनोबेसिक (मोनोहायड्रेट) आणि साडेसहा ग्रॅम डायबेसिक (निर्जल). बफर नसले तर हळूहळू फॉर्मिक आम्ल तयार होते, डीएनए तुटतो आणि स्लाइडवर काळसर ठिपके दिसतात. द्रव उतीच्या किमान दसपट हवा. झाकणापर्यंत कोंबलेल्या बरणीत गाठीभोवती बोटभरसुद्धा द्रव उरत नाही.

फॉर्मॅलिन सुरुवातीला तासाला साधारण १ मिलीमीटर आत शिरते, चरबीत त्याहूनही मंद. अख्खा स्तन तसाच बुडवून रात्रभर ठेवला तर सकाळी कडा घट्ट आणि मध्ये कच्चे मांस. पुढे प्रोसेसरमधल्या (उतीतले पाणी काढून मेण भरणाऱ्या यंत्रातल्या) अल्कोहोलने ते मधले मांस कसेबसे कडक होते, पण स्लाइडवर चोरी उघडी पडते: कडेला तपकिरी केंद्रकांची माळ आणि मध्ये फिकट निळे मैदान. म्हणून आधी कडांना शाई लावून ५ मिलीमीटरच्या चकत्या कराव्या लागतात आणि चकत्यांमध्ये गॉज घालावा लागतो. लॅब लांब असेल तर गाठीवर एक काप कुठून आणि कुणी घ्यायचा, हे शल्यचिकित्सक आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी आधी ठरवून घ्यावे. मनाने काप घेतला तर कडांचा हिशेब, म्हणजे कर्करोग कापलेल्या कडेपर्यंत पोचला आहे का ते, बिघडतो.

सर्वांत वाईट म्हणजे सलाइनमध्ये पाठवलेला तुकडा. ‘लॅब जवळच आहे, नातेवाईक नेऊन देतील’ म्हणून बायोप्सी सलाइनच्या डबीत दिली जाते. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता बंद असतो, डबी स्कूटरच्या डिकीत तासन्‌तास राहते, आणि ती लॅबमध्ये पोचते तेव्हा वाचण्यासारखे फारसे उरलेले नसते. फॉर्मॅलिनमध्ये असती तर मिरवणूक संपेपर्यंत थांबली असती तरी चालले असते.

आमची मागणी साधी आहे. तपासणीच्या फॉर्मवर तीन रकाने छापा: गाठ शरीराबाहेर आली ती वेळ, फॉर्मॅलिनमध्ये पडली ती वेळ, प्रोसेसरमध्ये गेली ती वेळ. पहिल्या दोन वेळा ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरने तिथेच लिहायच्या, तिसरी लॅबने. बरणीचे लेबल झाकणावर नको, बरणीवरच हवे. झाकणे अदलाबदल होतात. ईआर निगेटिव्ह आले तर पॅथॉलॉजिस्टने त्याच स्लाइडवरच्या निरोगी दुग्धनलिका पाहाव्यात. त्यांतल्या काही पेशी तरी रंगायलाच हव्यात. त्याही कोऱ्या असतील तर तो निकाल धरू नये. दुसऱ्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यावर) तपासणी पुन्हा करावी. हाडाचा तुकडा तीव्र आम्लात मऊ केला असेल तर डीएनएच्या चाचण्या सहसा होत नाहीत. ईडीटीए या सौम्य रसायनाला दिवस जास्त लागतात, पण डीएनए वाचतो.

रुग्णांनी रिपोर्टइतकाच मेणाचा ब्लॉकही मौल्यवान समजावा. आतड्याच्या गाठीत ‘एमएलएच-१’ प्रथिन दिसले नाही तर ते जनुक वारशाने बिघडले आहे की मिथायल गट (एक छोटा रासायनिक गट) चिकटून फक्त बंद पडले आहे, हे त्याच ब्लॉकमधल्या डीएनएवरून तपासतात. मिथायलेशन निघाले तर आजार बहुधा आनुवंशिक नसतो. नाही निघाले तर रुग्णाच्या रक्ताची जनुकीय चाचणी करावी लागते, आणि तिच्यात दोष सापडला तर भावंडांची व मुलांचीही. दुसरे मत घ्यायला किंवा पुढच्या चाचणीसाठी ब्लॉक मागितला तर लॅबने पोच घेऊन द्यावा आणि काम झाल्यावर परत जमा करून घ्यावा. नेताना तो छोट्या डबीत, नाव-नंबर दिसेल असा ठेवावा. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. हे मेण ५६ ते ६० अंशांना वितळते.

आपले,
रेण्वीय जीवशास्त्र व पॅथॉलॉजी क्षेत्रातील काही अभ्यासक,
पाषाण, पुणे